अप्पांचा कर्नल आणि इमारतीची अंघोळ

यंत्रशास्त्रपारंगत, दूरदेशनिवासी, थोरल्या बहिणीच्या चार पत्रांना मिळून एक उत्तर धाडणारे चिरंजीव धाकटोबा यांस, दुसरं कोणी देईना म्हणून, ताईचे भरघोस आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारते. पाठ दुखत असेल. ती पाठदुखी खुर्चीत बसून स्वकष्टाने मिळवलेली आहे, तेव्हा तिचा अभिमान बाळग. माझी तब्येत गुडघे सोडले तर चांगली आहे, आणि गुडघे सोडता येत नाहीत, कारण या इमारतीला जिना आहे. अप्पांची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की आजूबाजूच्यांची बिघडायची वेळ आली आहे, आणि हे पत्र त्याच संबंधात आहे. सावकाश वाच. एका हाताने जेवत वाचू नकोस. (हे पत्र मी अप्पांच्याच यंत्रापुढे, म्हणजे कॉम्प्युटरपुढे, बसून लिहिते आहे, कारण माझ्यावर कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचा ढीग पडला आहे, माझ्यावर म्हणजे माझ्या टेबलावर. अप्पा आत झोपले आहेत. विचारलं तर प्राचार्यांना पत्र लिहिते आहे असं सांगायचं ठरवलं आहे.)

तू इथून जाताना काय करून गेलास हे तुला ठाऊक आहे. पण मला ते नीट कळलं की नाही, हे तू तपासलं नाहीस. चांगला शिक्षक तपासतो. तेव्हा उजळणी करते, चुकलं तर खूण कर. अप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा त्यांचं जुनं यंत्र गेलं. (गेलं म्हणजे चोरीला नव्हे. त्या यंत्राला चोरानेही हात लावला नसता.) ज्या यंत्रावरून अप्पा वर्षानुवर्षं रोज सकाळी सहाच्या ठोक्याला इमारतीच्या पाण्याचा पंप सुरू करत आले, तेच हे यंत्र. आणि आपले सचिव, म्हणजे वरच्या मजल्यावरचे, इमारतीच्या समितीचे तहहयात सचिव, त्यांनी पाणी बंद पडायला नको म्हणून त्याच दिवसांत गच्चीवरच्या टाकीत एक तरंगता चेंडू बसवून घेतला. पाणी उतरलं की चेंडू खाली, पंप सुरू. पाणी चढलं की चेंडू वर, पंप बंद. ना हुकूम, ना माणूस. अप्पांच्या यंत्राकडून पंपाकडे जाणारी तार विजेच्या माणसाने कापून टाकली. थोडक्यात, अप्पा एक डोळा मिळवून घरी परतले, तोवर त्यांचं राज्य गेलेलं होतं.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तूही जाणतोस. आई गेली त्या हिवाळ्यात अप्पा भिंतीकडे तोंड करून पडून असत. त्यांना अंथरुणातून बाहेर काढलं ते मी नव्हे, तू नव्हे, पंपाने. सहा वाजता आपण हुकूम दिला नाही तर खालच्या शिंपीणबाईपासून वरच्या सचिवांपर्यंत सगळे कोरडे राहतील, या एका विचारावर तो माणूस उठून बसला. ते कारण काढून घेतलं तर अप्पा पुन्हा भिंतीकडे वळतील, एवढीच आपली भीती होती. बाकी पंप कोण चालवतो याच्याशी तुला मला काय घेणं होतं?

तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी आणि दोन चमचे मांडून मला समजावलंस. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. स्मृतीची जागा कोणाला किती द्यायची, पडद्यावर कोणी लिहायचं, बाहेरच्या तारेवर कोणी बोलायचं, हे ठरवणारा राजा. (बरणी.) बाकीचे सगळे प्रोग्रॅम म्हणजे प्रजा. (चमचे.) प्रजेने कशालाही थेट हात लावायचा नाही, राजाकडे अर्ज करायचा. अप्पांच्या जुन्या कर्नलमध्ये पंपाचा भाग त्यांनी स्वतः लिहून शिवून टाकलेला, आणि तो कर्नल नव्या यंत्रावर उभा राहायलाच तयार नाही. मग तू काय केलंस? बरणी उचलून चमच्यांच्या रांगेत ठेवलीस. जुन्या राजाला नव्या राजाच्या राज्यात साधी प्रजा म्हणून भरती केलंस, पण त्याला ते कळू दिलं नाहीस. तो बिचारा पूर्वीच्याच रुबाबात हुकूम सोडतो, आणि त्याचा प्रत्येक हुकूम बाहेर पडताना विनंतीअर्ज झालेला असतो. सुरू होताना, मला इतकी स्मृती सापडली, इतकी मोठी डिस्क सापडली, असं पडद्यावर ऐटीत जाहीर करतो. सापडली कसली? दिलेली आहे. ती डिस्कसुद्धा डिस्क नव्हे, नव्या यंत्रावरची एक जाडजूड फाइल. आणि त्याने पंप सुरू करायचा हुकूम सोडला, की नवा कर्नल मध्येच तो झेलतो, काहीही करत नाही, आणि गंभीर चेहऱ्याने कळवतो: पंप सुरू झाला.

आमच्या संस्कृतच्या शास्त्रात दोरीच्या जागी साप भासण्याला अध्यास म्हणतात. तू त्याच्या पुढे गेलास. तू दोरीलाच पटवून दिलंस की ती साप आहे. मी तेव्हा एक शंका काढली होती, आठवतं? या नव्या कर्नललाही खालून कोणी असंच फसवत नसेल कशावरून, आणि त्यालाही आणखी कोणी? याला अनवस्था म्हणतात, तळ न लागणारी उतरंड. मोठमोठे पंडित तिला घाबरून असत. तू पाव चावत म्हणालास, "सगळ्यांच्या खाली वीज कंपनी आहे, ताई." माझ्या आयुष्यात इतकं नेमकं उत्तर एकाही गुरूने दिलं नाही. ते तोंडात पाव असताना यावं, याचं वाईट वाटलं.

मग अप्पा घरी यायच्या आत नवं यंत्र तू जुन्या खोक्यात बसवलंस, जुना पडदा, जुना कळफलक, आणि शंका नको म्हणून जुना पंखाही आवाजासकट चालू ठेवलास. त्याला गार करायला आत काही उरलेलं नाही, तरी तो घरघरतो. (अशी माणसं आमच्या कॉलेजात दोन आहेत.) आणि तू विमानात बसलास.

इथून पुढचं तुला माहीत नाही. फोनवर सगळं ठीक आहे असं मी सांगत होते, ते खोटं होतं.

तू आयुष्यात सहाला उठला नाहीस, म्हणून तुला एक गोष्ट ठाऊक नव्हती. अप्पा हुकूम देऊन थांबत नाहीत. ते चपला घालून जिन्यात जातात आणि वर जाणाऱ्या पाइपावर तळहात ठेवतात. पाणी चढायला लागलं की पाइप थरथरतो. ती थरथर हाताला लागली की अप्पा मान डोलावतात, मग चहा. पहिल्या दिवशी पडद्यावर पंप सुरू झाला, आणि पाइप मेल्यासारखा थंड. टाकी भरलेली, चेंडू वर, पंप कशाला चालेल? अप्पा परत आले, हाताकडे बघत बसले. मी म्हटलं, "गारठ्याने हात बधिर झाला असेल." ते म्हणाले, "असेल." चहा अर्धा ठेवला.

उपाय उघड होता. सहाच्या आधी टाकीतलं पाणी नेमकं इतकं उतरलं पाहिजे, की अप्पांचा हुकूम आणि चेंडूचं उतरणं एकाच वेळी व्हावं. दुसऱ्या दिवशी मी पाचला उठून पडदे धुतले, चादरी धुतल्या, न्हाणीघर घासलं, स्वतः दोनदा न्हाले. चेंडू जागचा हलला नाही. एका संस्कृतच्या प्राध्यापिकेला अख्खी टाकी उपसता येत नाही, हे सिद्ध झालं. तेव्हा मी सचिवांकडे गेले. ते दारातच म्हणाले, "ताई, पंपाबद्दल असेल तर समितीचा ठराव झालेला आहे." मी सगळं सांगितलं. भिंतीचंही सांगितलं. सचिव स्वतःच्या बनियनचं टोक खाली ओढत म्हणाले, "मी किती वाजता अंघोळ करू, सांगा."

त्यानंतर जे झालं त्याला तूच जबाबदार आहेस. सगळी इमारत पावणेसहाला न्हायला लागली. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, जे दहाच्या आत कोणाचंही तोंड बघत नसत, ते त्या वेळी बादलीवर बादली ओतू लागले. खालच्या शिंपीणबाईने दिवसाचं कापड भिजवायचं काम पहाटे आणलं आणि दर दिवशी मला ऐकवू लागली, "ताई, वडील तुमचे, आणि सर्दी आमची!" सचिव स्वतः अंघोळ उरकून ओल्या डोक्याने गच्चीवर, टाकीत डोकावून उभे. हाका मारायची सोय नाही, अप्पा ऐकतील. म्हणून कठड्यावर टॉवेल: पट्ट्यांचा लावला तर अजून ओता, पांढरा लावला तर थांबा, शेवटची बादली ताईंची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी करून टॉवेल बघायची, आणि अप्पांनी कळ दाबल्याचा आवाज आला की नळ सोडायची. वर चेंडू उतरायचा, खाली पंप घुमायचा, जिन्यात अप्पांच्या हाताखाली पाइप थरथरायचा. अप्पा मान डोलवायचे. मग पूर्ण कप चहा. (एकदा सचिवांचा पांढरा टॉवेल धुवायला गेला होता, त्यांनी पांढरा शर्ट लावला. दातवाल्यांनी त्याचा अर्थ सचिव शरण आले असा घेतला आणि अंघोळ अर्ध्यात सोडून वर धावले. ते साबणाचे ठसे जिन्यात अजून आहेत.)

मला वाटायचं, मी आता पटाईत झाले. नवा कर्नल तुझ्या यंत्रात जे काम करतो, तेच मी घरात करत होते. वरून येणारा हुकूम झेलायचा, आपल्या पद्धतीने पार पाडायचा, आणि गंभीर चेहऱ्याने कळवायचं की झालं. हे घर चालवते कोण, याबद्दल निदान माझ्या मनात शंका नव्हती.

मध्यंतरी एकदा मी अप्पांचं विश्व संपवलं, तेही सांगून टाकते. कळफलक पुसताना कुठल्या तरी दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या, आणि पडद्यावर आजवर न पाहिलेली यादी आली, नव्या यंत्रावर काय काय चालू आहे त्याची. त्यात तुझ्या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅमच्या खाली एक ओळ होती, 'अप्पा'. ती सगळ्यांत जास्त जागा खात होती. मला वाटलं तुझं काही उरलंसुरलं असेल, आणि मी नीटनेटकी बाई आहे. एक कळ दाबली. अप्पांचा कर्नल, त्याची डिस्क, त्याचा पंप, त्याची सगळी प्रजा, त्या एका ओळीसकट नाहीशी. तू जाताना कागदावर लिहून दिलेलं आज्ञावाक्य दोनदा चुकवून तिसऱ्यांदा टाइप केलं, तेव्हा राजेसाहेब परत उगवले आणि मला स्मृती सापडली, डिस्क सापडली, असं नव्याने सांगू लागले, जणू काही झालंच नाही. अप्पा तेवढ्यात आत आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "हल्ली लवकर उठतो हा." मी म्हटलं, "उन्हाळा आहे." काय बोलत होते मलाच ठाऊक नाही.

आणि रविवारचं राहिलं. दर रविवारी चहानंतर अप्पा मनगटावरचं घड्याळ काढून यंत्रासमोर बसतात आणि यंत्राचं घड्याळ लावतात. ते यंत्र जन्मापासून आळशी, दर आठवड्याला मिनिटं गमावून मागे पडायचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी अप्पांनी मनगटी घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. मग चष्मा काढून पुसला, घातला, आणि "बरं," एवढंच म्हणाले. नव्या डोळ्याने आकडे स्वच्छ दिसले म्हणून ते समाधान, असं मी धरून चालले. आयुष्यभर मुलांना तर्क शिकवला, धाकटोबा. धूर दिसला की आग ओळखायला शिकवलं. घरात धूर कोंडला होता, आणि मी म्हणत होते, काय छान धुकं पडलंय.

तर गेल्या आठवड्यात एका सकाळी सगळं जागच्या जागी होतं. पट्ट्यांचा टॉवेल, पांढरा टॉवेल, कळेचा आवाज, माझी शेवटची बादली. आणि पंप काही घुमेना. अप्पा जिन्यात, हात पाइपावर. मी दाराआड. टाकीतलं पाणी उपसून संपत आलेलं, खाली शिंपीणबाई कापड पिळायची थांबलेली, दातवाले डोक्याला साबण लावून दाराच्या फटीतून बघताहेत, वर सचिव कठड्यावरून दोन्ही टॉवेल आलटून पालटून हलवताहेत, कारण पंप चालत नाही याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे ती भिंत आली.

मग अप्पांनी मान वळवली, मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "वर जा. सचिवांना सांग, चेंडू वरच अडकला असेल. काठीने कडेकडेने ढकलायचा, ठोकायचा नाही. आणि मी सांगितलं असं म्हणू नकोस."

मी गेले. गुडघ्यांसकट गेले. सचिवांनी ढकलला, चेंडू डुबुक करून खाली गेला, पंप घुमला, आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्हाला पंपातलंही कळतं?" मी म्हटलं, "व्याकरण पक्कं असलं की सगळं कळतं."

खाली आले तर अप्पा चहा घेत बसलेले. मी समोर बसले. विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून," अप्पा म्हणाले. "त्या यंत्राने जन्मात कधी वेळ पाळली नव्हती. एकदम पाळायला लागलं, म्हणजे खालून दुसरा कोणी तरी त्याला वेळ सांगतोय. मग शोधलं. काम चांगलं केलंय पोराने. आणि तुम्ही एवढे हुशार, पण कापलेली तार जिन्यातच, पाइपाशेजारी, खुंटीला गुंडाळून ठेवलीत. मी नवा डोळा कशासाठी करून घेतला?"

"मग बोलला का नाहीत?"

अप्पांनी बशी सरळ केली. "पावणेसहाला अंघोळी उरका, कापडं भिजवा, म्हणजे दिवसभर पंपावर ताण नाही, हे मी समितीच्या प्रत्येक बैठकीत सांगत आलो. एकाने ऐकलं? मला जांभया देऊन दाखवायचे. आता बघ. सचिव गच्चीवर उभे राहतात. दातवाल्याच्या चेहऱ्यावर तेज आलंय. माझी तार तोडली, तेव्हापासून ही इमारत मी सांगतो तशी चालायला लागली." मग जरा पुढे वाकून, "तू त्यांना सांगू नकोस हं मला कळलंय म्हणून. परत झोपतील."

तर आता स्थिती अशी आहे. इमारत समजते की ती अप्पांना फसवते. अप्पा इमारतीला चालवतात आणि फसल्यासारखे दिसतात. मी दोघांच्या मध्ये बसून दोन्हीकडे कळवते की सगळं ठीक. यात राजा कोण, प्रजा कोण, कोणाच्या आत कोण चालू आहे, हे मी कागदावर मांडायला घेतलं होतं, पण अनवस्था आली. वीज कंपनीपर्यंत पोचून थांबले. अप्पा रोज सहाला उठतात, खरं तर साडेपाचलाच. शिंपीणबाई पाणी ओतायला लागली की नाही हे त्यांना खिडकीतून बघायचं असतं. भिंतीकडे पाठ आहे. तेव्हा तू यंत्रात काहीही बदलू नकोस, तार जोडू नकोस, सचिवांना पत्र लिहू नकोस. हे सगळं तुला कळावं एवढाच या पत्राचा हेतू. दुसरं काहीही मागणं नाही.

तुझी, घर सांभाळणारी,
ताई

पुनश्च: एक मागणं आहे. रविवारी अप्पा अजूनही मनगटी घड्याळ काढून यंत्रासमोर बसतात. पडद्याकडे बघतात, घड्याळाकडे बघतात, लावायला काही नसतं. ते पुन्हा मनगटावर चढवतात आणि उगाच टेबल पुसतात. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आता तुलाही आहे. तरी त्या आतल्या राजाला थोडी चुकीची वेळ सांगता येईल का बघ. आठवड्याभरात थोडी मिनिटं मागे पडू दे, पूर्वीसारखी. किती, ते अप्पांना विचारू नकोस. चहा निवेपर्यंत काम पुरेल एवढी.

दुसरं पुनश्च: उत्तर अप्पांच्या पत्त्यावर पाठवू नकोस. या यंत्राच्या आत अप्पा मुख्य वापरकर्ते आहेत, म्हणजे कोणाचीही फाइल उघडू शकतात, असं तूच सांगितलं होतंस. पण हे पत्र 'प्राचार्यांना विनंती' या नावाने ठेवलं आहे, तेव्हा काळजी नाही. आता चहा टाकून येते आणि मग पाठवते.

तिसरं पुनश्च (हस्तक्षेप मुख्य वापरकर्त्याचा): प्राचार्यांना विनंती वाचली. शुद्धलेखन ठीक आहे. ते यंत्र मागे पडत नसे, पुढे पळत असे. इतक्या वर्षांत हिला एवढंही दिसलं नाही, आणि म्हणे घर ही चालवते. तू पुढेच पळव. मागे मी आणीन.

अप्पा